टाकी भरल्याचे आग्रहाचे निमंत्रण

आमच्या खोल्यांची पाण्याची टाकी भरली, की आमच्या मोबाईलवर लग्नपत्रिका येते.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. गंमत करण्याइतका उत्साह माझ्यात उरलेला नाही. कंपनीतून यावं, बूट काढावेत, जरा आडवं व्हावं, तेवढ्यात उशाशी मोबाईल थरथरतो आणि पडदाभर झेंडूच्या तोरणाची चौकट उघडते. वर गणपती. खाली लालभडक अक्षरांत मजकूर: "॥ श्री गणेश प्रसन्न ॥ आमचे येथे श्रीकृपेकरून टाकी भरली आहे. तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार अगत्य येऊन पाणी भरावे, ही आग्रहाची विनंती. मुहूर्त: आत्ता. स्थळ: मागची मोरी. आपले नम्र: आप्पा व समस्त खोलीवाले." आणि सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरांत, चिमुकल्यांची किलबिल: "आमच्या टाकीच्या पाण्याला यायचं हं!"

आमच्या खोल्यांत चिमुकलं कोणीही नाही. सगळे कंपन्यांमधले दाढी वाढलेले बाप्ये आहेत. निम्म्यांना मराठी वाचता येत नाही. पण पत्रिका म्हटली की किलबिल हवी, असं आप्पांचं म्हणणं. हवी तर हवी, मी घातली. आप्पांशी वाद घालण्यापेक्षा किलबिल टाकणं सोपं असतं.

आप्पा म्हणजे आमचे घरमालक. मूळचे केंदूरचे. शिक्रापुरात हायवेला लागून त्यांचा एक तुकडा होता, त्यावर त्यांनी रांगेने खोल्या बांधल्या आणि स्वतः काकूंसह पुढच्या घरात राहायला आले. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, टोपी, आणि कपाळावर चढवून विसरलेला चष्मा. दिवसभर ओट्यावर बसून ते समोरचे कंटेनर बघतात आणि ट्रॅफिक जॅम झाला की घरचं कार्य बिघडल्यासारखे हळहळतात.

आप्पांचा खरा मान गावाकडचा. केंदूरच्या आसपास कुठल्याही घरची लग्नपत्रिका छापखान्यात जायच्या आधी आप्पांच्या नजरेखालून जायची. कोण निमंत्रक, कोण स्वागतोत्सुक, चुलत्याचं नाव मामाच्या वर की खाली, सोसायटीच्या चेअरमनला कुठं बसवायचं, यावरून आपल्याकडे माणसं वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. आप्पा ती भांडणं पत्रिकेतच मिटवून टाकत. 'दिसलं पायजे, आन् मानानं दिसलं पायजे,' हे त्यांचं पालुपद. ते आधी पत्रिकेतल्या नावांसाठी होतं. आता मोबाईलवरच्या सूचनेसाठी आहे.

मी या भानगडीत कसा सापडलो ते सांगतो. खोल्यांना सूचना पाठवायचं ते अ‍ॅप आप्पांच्या मुलाने, सुनीलने, घरी असताना बसवलं होतं. पाणी आलं, लाईट जाणार, कचऱ्याची गाडी आली, असलं काहीबाही आप्पांनी आपल्या मोबाईलवरून धाडायचं आणि ते सगळ्यांच्या मोबाईलवर उमटायचं. सुनील दौंडला रेल्वेत लागला आणि घरातून गेला. अ‍ॅप मागे राहिलं.

सुनील नुसता नोकरीला गेला नव्हता. दौंडच्याच एका मुलीशी त्याने लग्न ठरवलं. मुलगी नर्स, घर बौद्ध, वडील शिकलेले. ते वडील स्वतः शिक्रापूरला आले, याच ओट्यावर बसले आणि हात जोडून आप्पांना लग्नाला बोलावून गेले. आप्पा गेले नाहीत. काकूंनाही जाऊ दिलं नाही. तेव्हापासून सुनील इकडे फिरकला नाही. दौंड काही लांब नाही हो. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला परत येतो. पण मधे दोन हट्टी माणसं असली की रस्ता संपत नाही.

काकू सुनेशी फोनवर बोलतात. स्पीकर लावून बोलतात, स्वयंपाकघरात, मुद्दाम मोठ्याने. त्या वेळी आप्पा आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद करतात आणि नुसतं चित्र बघत बसतात. फोन संपला की आवाज परत चालू. विचारलं तर म्हणतात, "मला काय त्याचं?" पोरगा यायला हवा, सून यायला हवी, आणि तसं आपल्या तोंडून निघायला नको, एवढंच त्यांचं दुखणं होतं. ते सगळ्या खोल्यांना ठाऊक होतं.

तर अ‍ॅपची गादी रिकामी होती आणि मी सातव्या खोलीत राहत होतो.

"ओ इंजिनेर, जरा हितं या."

मी इंजिनिअर नाही. डिप्लोमा अर्धा सोडलेला माणूस आहे. कंपनीत आलेला पार्ट मोजतो, बरोबर असला तर इकडे ठेवतो, चुकला तर तिकडे. हे मी आप्पांना सांगितलं.

"पर कंप्युटरवर मोजता न्हवं?"

"हो."

"मग झालं की."

पहिली तक्रार होती ती आकाराची. सूचना पडद्याच्या तळाशी, एवढीशी पट्टी होऊन यायची आणि दोन क्षणांत विरून जायची. आप्पांना ते फार लागलं. "हे काय वागनं झालं? आलं आन् गेलं. पाव्हना हाय का चोर?" मी सेटिंगमध्ये जाऊन ती मध्यम केली. मध्यमवर त्यांनी मान हलवली. मोठी केली, तरी हलवली. शेवटी पूर्ण पडदा व्यापेल अशी करून टाकली, तेव्हा म्हणाले, "हां. आता घरात आल्यागत वाटतंय."

मग रंग. आधीचा रंग राखाडी होता. "दशक्रियेची पत्रिका हाय का ही?" पिवळा केला. मग म्हणे मागचं दिसतंय. सूचना थोडी पारदर्शक होती, खालचा पडदा अंधुक दिसायचा. "मांडवाचं कापड इतकं पातळ घ्यायचं न्हाई." जाड केलं. मग कोपरे. चौकोनी कोपरे टोचतात म्हणून गोल करून घेतले. कुणाला टोचतात ते मी विचारलं नाही, कारण विचारलं की चहा येतो, आणि चहा आला की झोपेची वाट लागते.

त्यानंतर आप्पा मजकुराकडे वळले, आणि 'टाकी भरली' या दोन शब्दांची वर सांगितलेली पत्रिका झाली. हळूहळू सगळ्याच सूचनांना चौकट लागली. कचऱ्याच्या गाडीचं आगमन होऊ लागलं. लाईट जाणार असली की "तरी सर्व आप्तेष्टांनी मोबाईल चार्ज करून उपकृत करावे." एकदा ड्रेनेज तुंबलं. ती सूचना नेमकी आमच्या कंपनीत बाहेरचे साहेब तपासणीला आले तेव्हा पडली. मी त्यांना मोबाईलवर एका पार्टचा फोटो दाखवत होतो. त्यांनी फोटोऐवजी गणपती पाहिला, आणि त्याखाली वाचलं की आमचे येथे श्रीकृपेकरून ड्रेनेज तुंबले असून आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे. साहेब भले होते. "जाऊन या," म्हणाले. आमचे सुपरवायझर तेवढे भले नव्हते.

लोक वैतागले. रामबाबू नावाचा एक बिहारी भाडेकरू माझ्या शेजारी राहतो, भट्टीवर काम करतो. तो गावी आईशी व्हिडिओवर बोलत असताना मधेच तोरण उघडलं. रामबाबू गोंधळला आणि त्याने मोबाईल आरशासमोर धरून आईला ते दाखवलंही. मग तक्रार करायला ओट्यावर आला.

"अप्पाजी, अम्मा पूछ रही है, शादी किसकी है?"

आप्पांना कधी उत्तर सुचलं नाही असं होत नाही. माझ्यासमोर त्यांनी ग्रामसेवकाला, वायरमनला आणि एका कंटेनरच्या ड्रायव्हरला गप्प केलेलं आहे. पण या प्रश्नावर ते "पानी भर जा बाबा," एवढंच म्हणाले, आणि चष्मा डोळ्यांवर असताना तो कपाळावर शोधू लागले.

शेवटी सगळ्यांनी मला पुढे केलं. आप्पांना सांग, सूचना लहान करा, नाहीतर आम्ही अ‍ॅप काढून टाकतो. मी दमलेला होतो आणि दमलेला माणूस सरळ बोलतो. "आप्पा, लोकांना मधेमधे येतं हे. लहान करू या. आणि सोडून गेलेल्यांचे नंबर पण अजून आहेत, त्यांनाही जातंय. ते काढून टाकू."

"गेलेल्यांचे काढा," आप्पा म्हणाले.

मी एकेक नंबर काढत गेलो. 'वरची खोली' या नावापाशी त्यांनी माझा हात धरला. वरची खोली म्हणजे गच्चीवरची, सुनीलची.

"ते राहू द्या."

"आप्पा, सुनील दौंडला असतो. त्याला आपल्या टाकीचं काय?"

"खोली त्याची हाय. पानी त्याच्या बी टाकीचं हाय. मी काय त्याला एकट्याला धाडत न्हाई, समद्यांला धाडतो. त्यात त्याला गेलं तर गेलं."

स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "सरळ फोन करायचा का न्हाई मग?"

"मी कशापाई करू?"

"नका करू. टाकी भरल्याचं कळवत बसा त्या पोराला दौंडाला."

मग आप्पा मुद्द्यावर आले. लोक सूचना बघतच नाहीत याचं मूळ त्यांना सापडलं होतं, आणि ते मूळ होतं कोपऱ्यातली फुली. सूचना बंद करायला वरच्या कोपऱ्यात बारीकशी फुली असते ना, ती.

"आपुन एवढ्या मानानं बोलवायचं, आन् म्होरच्यानं तोंडावर फुली मारायची? ही कुठली रीत? काढा ती."

"काढली तर बंद कशी करणार?"

"उत्तर देऊन. बोलावल्यावर मानूस कायतरी म्हंतो का न्हाई?"

मी फुली घालवली आणि खाली बटण आणलं. त्यावर 'ठीक आहे' लिहिलं. "ठीक म्हंजी? उपकार करतंय का?" मग 'समजले' लिहिलं. "समजलं ते मला काय करायचंय? येतो का न्हाई ते सांग म्हनावं." शेवटी बटणावर लिहिलं, 'येतो'. आप्पांचा चेहरा उजळला.

"आन् बायकांनी काय दाबायचं?" काकू दारात येऊन उभ्या होत्या, हात पिठाचे.

"हितं बाया हायेत कुठं?"

"मी हाय की."

तेही खरं होतं. सूचना काकूंच्या मोबाईलवरही जायची. त्या अ‍ॅपमध्ये दोन बटणांची सोय होती. जिथं 'रद्द करा' असायचं तिथं मी 'येते' लिहिलं. वर येतो, खाली येते. दोन्हींपैकी एक दाबल्याशिवाय सूचना हटणार नाही, आणि कोणी काय दाबलं ते आप्पांना दिसणार.

त्यामुळे एक झालं, लोक हसायला लागले. भट्टीवरून आलेला माणूस अंगठ्याने 'येतो' दाबायचा, तोंडाने "येतो हो आप्पा" म्हणायचा आणि तसाच झोपायचा. पण आप्पा खूश. संध्याकाळी ओट्यावर बसून कोण कोण येतो म्हणालं ते मोठ्याने वाचायचे. सगळे वाचून झाले तरी खाली सरकवत राहायचे. वरच्या खोलीसमोर काहीच नसायचं. सुनीलने आपल्या मोबाईलवर सूचना आपोआप उघडणं बंद केलं असावं, आणि दौंडला ते अ‍ॅप कोणी उघडतच नव्हतं.

त्या दिवसांत आप्पांनी वरच्या खोलीचं काम काढलं. तिथला नळ कोरडा पडला होता. त्यांनी प्लंबर आणून नवी पाइपलाइन टाकली, खोलीला रंग दिला, मोरीत फरशी बसवून घेतली. आम्हाला वाटलं नवा भाडेकरू येणार. रामबाबूने भाडं विचारलं तर आप्पा त्याच्यावर ओरडले. मग एका सकाळी मला बोलावणं.

"इंजिनेर, लिवा. वरच्या खोलीत पानी चालू झालंय. सहकुटुंब, सहपरिवार यावं."

"आप्पा, वर कोणी राहत नाही."

"लिवा तुमी."

"मुहूर्त?"

त्यांनी गच्चीकडे बघितलं. "कवा बी," म्हणाले.

मी लिहिलं. हात लिहीत होते आणि मला एकदम फार थकल्यासारखं झालं. कंपनीतलं थकणं वेगळं असतं, ते झोपलं की जातं. काकू चहा घेऊन आल्या, मोबाईलवरचं तोरण बघत उभ्या राहिल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "साऱ्या गावाच्या पत्रिका ह्यांनी केल्या. पोराची तेवढी छापायची राहिली. आता करतायत रोज." आप्पांनी ऐकलं. ऐकून टोपी नीट केली.

सूचना गेली. सगळ्यांनी नेहमीसारखं 'येतो' दाबलं आणि कोणीच आलं नाही, कारण वर यायचं कोणाला काय काम? आप्पा मात्र त्या दिवसापासून ओट्यावर कंटेनर बघेनासे झाले. मोबाईल मांडीवर घेऊन बसायचे. मी कामावरून येताना दिसलो की वर बघायचे, मी नुसती मान हलवायचो, ते परत खाली बघायचे. मला त्यांचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं. या वयात माणसाने एवढं ताटकळू नये.

आणि मग एका दुपारी मी जेवायला बसलो होतो, तेवढ्यात ते दारात.

"हे काय दिसतंय बघा जरा. चष्मा न्हाई माझ्याकडं."

चष्मा कपाळावर होता. मी मोबाईल घेतला. खाली, अगदी खाली, वरच्या खोलीच्या नावासमोर एक शब्द आला होता.

"उत्तर आलंय आप्पा."

"येतो म्हनला?"

"नाही," मी म्हणालो. "येते."

आप्पा उंबऱ्यावरच बसले. "चुकून दाबलं आसंल त्यानं. खालचं बटन लागलं आसंल."

माझ्याही मनात तेच आलं होतं. आम्ही दोघं पुढच्या घरात गेलो. काकू भाकरी थापत होत्या. त्यांनी हात पुसून मोबाईल घेतला, लांब धरून वाचला आणि आप्पांकडे बघितलं.

"त्यो कशाला दाबंल? त्यो तुमच्यावर गेलाय. मरंल, पर दाबायचा न्हाई. हे तिनं दाबलंय."

तव्यावरची भाकरी काकूंनी उलटली. बराच वेळ आप्पा दाराबाहेरच्या ओट्याकडे बघत होते.

"तिचा बाप त्या ओट्यावर बसला हुता," शेवटी ते म्हणाले. "मी त्याला हां बी म्हनलो न्हाई आन् न्हाई बी म्हनलो न्हाई. नुसता उठून आत आलो. चा बी पाजला न्हाई. त्यो आपला हात जोडून निघून गेला. आन् त्याची पोरगी मला येते म्हंती." मला तिथून निघून जावंसं वाटत होतं आणि पाय निघत नव्हते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही.

"लावा फोन," आप्पा काकूंना म्हणाले. "तिला लावा. त्याला नगं."

काकूंनी फोन लावून स्पीकर चालू केला. पलीकडून "हां आई, बोला," असा आवाज आला. आप्पांनी मोबाईल दोन्ही हातांनी धरला.

"आई न्हाई. मी हाय. आप्पा."

काकू उलथनं हातात घेऊन तशाच जवळ आल्या.

"पोरी, ते तू दाबलंस व्हय?"

"हो," ती म्हणाली. मग घाईने म्हणाली, "आप्पा, मोबाईल त्यांचाच, पण त्यांना माहीत नाही अजून. मी सांगणार होते आज."

"बरं केलंस. पर आता तू येऊ नगंस."

काकूंच्या हातातलं उलथनं खाली पडलं. मीही दचकलो. आप्पांनी हात वर करून आम्हाला थांबवलं.

"आदी बोलावनं तुमच्याकडचं आलंय. ते तसंच ऱ्हायलंय माझ्याकडं. म्हंजी आदी आमी यायचं, मग तुमी. रीत तीच हाय." त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. "तुझ्या वडलांला सांग, व्याही येतोय म्हनावं. आजच."

काकूंनी गॅस बंद केला आणि साडी बदलायला आत गेल्या.